यादी मागितलीत, मी जोड्या देते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दहावीपर्यंत हाताला लागेल ते वाचायचात, पुढे शिक्षण आणि नोकरीत ते सुटलं, आता चौतिसाव्या वर्षी पुन्हा मराठी वाचायला घ्यायचंय. इतिहास, निसर्ग, माणसं, विज्ञान, सगळ्याचंच कुतूहल आहे. पण कादंबरी घेतली की वेळ वाया घालवतोय असं वाटतं आणि माहितीचं पुस्तक घेतलं की तिसाव्या पानावर डोळे मिटतात. म्हणून दोन्ही प्रकारची मिळून दहा-बारा पुस्तकांची यादी हवी आहे.

यादी करणं हा माझ्या हातचा मळ आहे. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका ‘ब’ वर्गाच्या वाचनालयात मी सत्तावीस वर्षं काढली, आधी देवघेवीच्या टेबलावर आणि मग ग्रंथपाल म्हणून. एवढ्या काळात किती जणांना याद्या करून दिल्या त्याला गणती नाही. त्यातल्या बहुतेक फुकट गेल्या. एक तर मी चांगली रंगवून घेतली होती, तिची गोष्ट आधी ऐका.

पंधराएक वर्षांपूर्वी मला उत्साह आला. दारातून आत शिरल्या शिरल्या दिसणारं काचेचं कपाट रिकामं केलं, त्यात निवडून ५० पुस्तकं लावली आणि वर पेंटरकडून पाटी करून घेतली: ‘वाचायलाच हवीत अशी पुस्तकं’. वर्षाअखेरीला रजिस्टर काढून मोजलं तर त्या कपाटातून अकरा पुस्तकं गेलेली, त्यातली चार एकाच बाईंनी नेलेली. त्याच वर्षी माझ्या टेबलाच्या डाव्या अंगाला रोज संध्याकाळी जो ढीग साचायचा, परत आलेल्या आणि अजून कपाटात न लावलेल्या पुस्तकांचा, त्याच्यावर मात्र झुंबड. लोक कपाटांकडे वळतच नसत. ढीग उपसायचे, मधलंच एखादं ओढायचे, बाकीचा डोलारा माझ्या अंगावर. काही आज्या आधी सत्ताविसावं पान उघडून बघायच्या, कारण वाचून झालेल्या पुस्तकात त्या आकड्याखाली पेन्सिलीने टिंब द्यायची त्यांची पद्धत होती. टिंब सापडलं की पुस्तक परत ढिगात. (पुस्तकावर खूण करायला नियमाने बंदी आहे. मला ती टिंबं कधी दिसली नाहीत.)

त्या ढिगाला कसलाच क्रम नसायचा. कादंबरीखाली द्राक्षबागेचं पुस्तक, त्याखाली कुणाचं तरी चरित्र, त्याखाली रहस्यकथा. आणि वाचक शोभत नाही असं काहीतरी खुशाल घरी न्यायचे. कपाटात वर्गवारीने लावलेलं पुस्तक स्वतःच्याच जातभाईंमध्ये बसतं. ढिगात ते परक्याच्या मांडीला मांडी लावून बसतं.

आता मुद्द्याची गोष्ट. एसटीत कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले आमचे एक वाचक सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ परत करायला आले. बुलढाण्याकडची कादंबरी, २००२ सालची, पुढे तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकूनसवरून नोकरी न मिळालेला एकनाथ शेतीत परत येतो. नोकरीसाठी पैसे चारायला घरात पैसे नाहीत, शेतीत घालायलाही नाहीत, आणि शहराच्या वळणाची बायको त्या घरात रुळत नाही. काकांनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि शिक्का मारून होईपर्यंत तिथेच उभे राहिले.

“मॅडम, हे कधीपासून असं चाललंय?”

मी काय सांगणार? जवळच महात्मा फुल्यांचं ‘शेतकऱ्याचा असूड’ पडलं होतं, ते पुढे केलं. चौथ्या दिवशी काका हजर. “अठराशे त्र्याऐंशी!” एवढंच म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. काकांना जुनी एसटीची तिकिटं खुणेसाठी घालायची सवय होती, आणि त्यांच्या मागे ते बारीक अक्षरात काहीबाही लिहायचे. असूडामधल्या तिकिटावर लिहिलं होतं, “सावकाराच्या वह्या जाळल्या ते कुठे?” तिथून पुढे ते १८७५ सालच्या पुणे-नगरकडच्या, शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध केलेल्या दंग्यांपर्यंत गेले, सुप्याच्या बाजारापासून सुरू झालेल्या. कादंबरीने डोक्यात घातलेला प्रश्न दुसऱ्या पुस्तकाने पुढे नेला, दुसऱ्याने तिसरा काढून दिला. कसलीही यादी न देता एक माणूस सहा महिने वाचत राहिला.

तुमच्या प्रश्नात मला हेच दिसतं. ‘इतिहासाचं कुतूहल’ असं खरं म्हणजे काही नसतं. कुतूहल असतं ते एखाद्या नेमक्या गोष्टीचं: त्या बाईने मग काय केलं, हे लोक खात काय होते, हा कायदा कुणी काढला. कादंबरी असे प्रश्न डोक्यात सोडते आणि बहुतेकदा उत्तर न देता संपते, म्हणून तुम्हाला वेळ वाया गेल्यासारखं वाटतं. माहितीचं पुस्तक पहिल्या पानापासून उत्तरं देत सुटतं, पण प्रश्न तुमचा नसतो, म्हणून झोप येते. दोन्ही एकापाठोपाठ एक वाचा. माझा सगळा अनुभव या एका गोष्टीवर उभा आहे, बाकी जे सांगते ते तपशील.

तरी काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. रोज अर्धा तास मिळतो की फक्त रविवार? रविवारच असेल तर जाड कादंबरी घेऊ नका, दर आठवड्याला माणसांची नावं विसरायला होतात. बोलीची सवय कितपत आहे? ‘बारोमास’मधलं किंवा उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधलं वऱ्हाडी पुण्या-मुंबईच्या वाचकाला पहिली वीस पानं अडतं. नंतर ते कानात बसतं, पण ती वीस पानं निघायला हवीत. बोली अडली तर संवाद मोठ्याने वाचून बघा, निम्मा अडथळा तिथेच जातो. आणि पुस्तकं विकत घेणार की वाचनालयातून आणणार? जोडीने वाचायचं तर पहिलं संपताना दुसरं घरात असलं पाहिजे. चार दिवस गेले की प्रश्न शिळा होतो. आमच्याकडे म्हणूनच मी एका वर्गणीवर दोन पुस्तकं द्यायचा ठराव कार्यकारिणीकडून करून घेतला. त्यावर दोन सभा झाल्या, ते असो.

आता जोड्या. सगळ्या सारख्या विस्ताराने सांगत नाही. ज्यांचा अनुभव जास्त आहे त्यांच्यावर जास्त बोलते.

सुरुवातीला कुणालाही मी दि. बा. मोकाशींची जोडी देते, कारण दोन्ही पुस्तकं एकाच लेखकाची आणि दोन्ही आटोपशीर आहेत. ‘पालखी’ (१९६४) हे वारीबरोबर चालून लिहिलेलं. मोकाशींचं पुण्यात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. बिघडलेला सेट उघडून बघणाऱ्या माणसाची नजर या पुस्तकात आहे. भक्तीने भारावून ते लिहीत नाहीत आणि वारीची टिंगलही करत नाहीत. शेजारून चालणाऱ्याला विचारतात, का आलात, घरी कोण आहे, खर्च कसा भागतो. पाय दुखतात तेही सांगतात. हे वाचलं की मनात येतं, की ज्याच्या नावाचा गजर चाललाय तो तुकाराम नावाचा माणूस घरच्यांना कसा दिसत असेल? मग ‘आनंद ओवरी’ (१९७४) घ्या. तुकाराम नाहीसा झाल्यानंतर धाकटा भाऊ कान्हा बोलतोय. भाऊ संत होत असताना घरात दुकान बुडतं, भांडणं होतात, भूक लागते, हे सगळं त्याने पाहिलेलं. ‘पालखी’ आधी वाचली असेल तर कान्ह्याचं बोलणं आणखी लागतं, कारण त्याच्या भावाच्या मागे पुढच्या काळात किती माणसं चालणार आहेत ते तुम्हाला ठाऊक असतं आणि त्याला नसतं.

या जोडीला तिसरा तुकडा लावायचा तर इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख, ‘परिपूर्ती’ या संग्रहातला. मानववंशशास्त्राच्या अभ्यासक बाई वारीत चालतात. दिवसभर एका सुरात भजन म्हणणारी एकाच दिंडीतली माणसं जेवायला मात्र जातीने वेगळी बसतात, हे त्यांना टोचतं आणि त्या ते लपवत नाहीत. मोकाशींना जे दिसलं आणि इरावतीबाईंना जे दिसलं त्यातला फरक शोधण्यात माझ्या एका वाचक-मैत्रिणीचा अख्खा पावसाळा गेला. दरवर्षी आषाढात मी ही तिन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवते. पाटी लावत नाही.

शेतीची जोडी वर आलीच, तिच्याबद्दल एक पुरवणी. ‘असूड’ला लोक घाबरतात, जुनी भाषा म्हणून. ‘विद्येविना मती गेली’ या ओळी शाळेच्या भिंतीवर सगळ्यांनी वाचलेल्या असतात, पण त्या याच पुस्तकाच्या सुरुवातीच्या आहेत हे थोड्यांना माहीत असतं. फुल्यांनी हा मजकूर गावोगावी लोकांना वाचून दाखवला होता. पूर्ण पुस्तक छापून आलं ते मात्र त्यांच्या माघारी. कानांसाठी लिहिलेलं आहे, तेव्हा तुम्हीही मोठ्याने वाचा. लांबलचक वाक्यं डोळ्यांना दमवतात, तोंडाने म्हटली की त्यांचा ठेका सापडतो. घाई असेल तर चौथ्या प्रकरणापासून सुरू करा. तिथे कलेक्टरकडून निराश होऊन परतणारा एक कुणबी आहे, आणि त्याच्या घराचं वर्णन असं केलंय की एकेक वस्तू हाताने मोजावी. तेवढी पानं वाचून ‘बारोमास’मधलं घर आठवा.

पुढची जोडी इतिहासाची, आणि हिच्यात क्रम उलटा ठेवा. आधी खरं, मग कल्पित. खरं म्हणजे विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक. घरात कर्ज. उत्तरेत बायजाबाई शिंद्यांचा मोठा यज्ञ होणार, दक्षिणा मिळेल, म्हणून काकांबरोबर निघतो तो नेमका १८५७ साली. महूच्या अलीकडे वाटेत शिपाई भेटतात आणि सांगतात की पुढे जाऊ नका, दंगा होणार आहे. हे दोघे तरी जातात. झाशीला वेढा पडतो तेव्हा विष्णुभट गावात आहे. गोरे सैनिक गल्लीत शिरतात तेव्हा तो लपलेला असतो. आणि पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी राणी भेटते, हरलेली, धुळीने भरलेली, तहानलेली. हा पाणी काढून द्यायला पुढे होतो तर ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी ओढू नका, मीच काढते. सिनेमात घोड्यावरची राणी सगळ्यांनी पाहिलीय. विहिरीवरची राणी या भिक्षुकाने पाहिली. पैसे लुटले जातात, तरी आईवडिलांना स्नान घालायला गंगेचं पाणी घेऊन तो घरी पोचतो.

एक सावधगिरी. त्याने हे लिहिलं ते पंचविसेक वर्षांनी, आठवणीतून. १९०७ साली चिंतामण विनायक वैद्यांनी ते छापलं तेव्हा त्यावर संपादकाचा हात फिरवला. मूळ हस्तलिखिताला धरून असलेली प्रत दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली. मिळाली तर ती घ्या, पण त्यासाठी अडून बसू नका.

हे झालं की नंदा खरे यांची ‘अंताजीची बखर’. पेशवाईच्या काळातल्या एका हेरगिरी करणाऱ्या माणसाची बखर, आणि ती सगळी रचलेली. काळ आधीचा, मराठ्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्यांचा आणि प्लासीचा. खरे पेशाने स्थापत्य अभियंता, त्यामुळे माणसं, माल, पैसा कुठून कुठे जातो याच्यावर लक्ष. विष्णुभट आधी वाचलेला असला की तुम्ही अंताजीला पदोपदी अडवता: हे तुला कसं दिसलं, हे तू थापा मारतोयस. आणि मग जरा वेळाने विष्णुभटालाही तोच प्रश्न विचारावासा वाटतो. उलट क्रमाने वाचलंत तर हा खेळ होत नाही.

इथे माझी एक तक्रार नोंदवून ठेवते. ऐतिहासिक कादंबरी वाचून ‘इतिहास वाचला’ म्हणणारे वाचक मी हजारांनी पाहिलेत. त्या कादंबऱ्यांशी माझं भांडण नाही, आमच्याकडे सगळ्यात जास्त बाइंडिंग त्यांचंच होतं. पण त्यातले संवाद खरे मानून गावच्या पारावर भांडणारी माणसं बघितली की वाटतं, यांना प्रत्येक कादंबरीबरोबर एक पत्रव्यवहाराचा खंड सक्तीने द्यावा. कार्यकारिणीने अजून ठराव केलेला नाही.

निसर्गाच्या कुतूहलासाठी व्यंकटेश माडगूळकर. ‘सत्तांतर’ ही माकडांच्या टोळ्यांची छोटी कादंबरी, १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार. एका बैठकीत संपते. टोळीवर नवा नर येतो तेव्हा जुन्याच्या पिलांचं काय होतं, ते वाचताना पोटात गोळा येतो आणि पहिला प्रश्न पडतो, की हे खरंच असं होतं का. होतं. वानरांच्या अभ्यासकांनी ते नोंदवलेलं आहे. मग त्यांचंच ‘नागझिरा’ घ्या, विदर्भातल्या त्या जंगलात राहून केलेल्या नोंदी. पाठोपाठ मारुती चितमपल्ली. ते वनाधिकारी, आयुष्य जंगलात गेलं, आणि त्यांच्या ललित लेखनात पक्ष्याचं स्थानिक नाव, झाडाचं नाव, आदिवासींची समजूत सगळं एकत्र येतं. आत्मचरित्र ‘चकवाचांदण’ जाड आहे, ते नंतर. आधी ‘रातवा’ किंवा ‘जंगलाचं देणं’. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ मात्र या रांगेत बसवू नका. बारा महिने, बारा लेख, तो तो महिना लागला की तो तो लेख वाचायचा. एका दमात वाचलं की गोड फार होतं.

विज्ञानाचं तुम्ही विशेष लिहिलंय म्हणून जयंत नारळीकर. ‘यक्षांची देणगी’ या संग्रहातल्या कथा आणि मग ‘चार नगरांतले माझे विश्व’ हे आत्मचरित्र. नगरं म्हणजे बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे. त्यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथा स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव, म्हणजे परीक्षकांनी नावाकडे बघू नये. पहिला नंबर आला. ही हकिकत सांगितली की आठवी-नववीची मुलं पुस्तक नेतात, असा माझा अनुभव आहे. त्या कथा साहित्य म्हणून फार खोल आहेत असं मी म्हणणार नाही. पण त्या कल्पनेमागचं विज्ञान खरं किती, हा प्रश्न त्या चोख टाकतात, आणि तुम्हाला तेवढंच हवंय.

मुंबईच्या गिरण्यांसाठी जयंत पवारांचं ‘अधांतर’ हे नाटक आणि ‘कथा मुंबईच्या गिरणगावची’ हे मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचं पुस्तक, ज्यात गिरणगावातली माणसं स्वतःच बोलतात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढे काय झालं ते तुम्हाला ढोबळ माहीत असेल. नाटकातलं एकच घर आधी बघा, मग अख्खा लालबाग-परळ. आमच्या तालुक्यातून तिकडे गेलेल्यांची घरं इथे आहेत. या पुस्तकाच्या पाठीमागची तारखेची चिठ्ठी मला दोनदा बदलावी लागली.

आता या सगळ्याला छेद देणारी गोष्ट. प्रत्येक पुस्तकाला जोडी असतेच असं नाही, आणि ती शोधायला जाऊही नये. जी. ए. कुलकर्णींची ‘काजळमाया’ वाचून तुम्ही कुठल्या संदर्भग्रंथाकडे जाणार? त्या कथा वाचून गप्प बसायचं असतं. श्याम मनोहरांचं तसंच. भौतिकशास्त्र शिकवणारा हा माणूस. त्यांच्या एका कादंबरीचं नावच ‘उत्सुकतेने मी झोपलो’. वेळ वाया जाण्याची तुमची तक्रार तिच्यापुढे टिकेल का मला शंका आहे, कारण कुतूहल म्हणजे काय आणि आपल्याकडे ते कुठे अडतं, हाच त्यांच्या लेखनाचा विषय. कुणी म्हणेल की कादंबरीला माहितीच्या पुस्तकाची दासी करू नका. त्यात तथ्य आहे. पण सुटलेलं वाचन धरायचं असेल तेव्हा काठी लागते, नंतर ती टाकता येते.

आणि उलट बाजूने, माहितीची पुस्तकं म्हणजे झोप, हे ज्यांचं ठाम मत आहे त्यांना मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ देते. १९३४ पासून भागाभागाने आलेलं आत्मचरित्र. शाळेत न गेलेल्या बाईने लिहिलेलं. सोवळ्याने झपाटलेले वडील, न सांगता घरातून निघून जाणारा कवी नवरा, मग त्याचं ख्रिस्ती होणं, मग हळूहळू तिचं. जिथे रडायचं तिथे ही बाई विनोद करते. हिच्याबरोबर दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) आणि बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ वाचा. तिन्ही खरी, तरी कादंबरीसारखी चालतात. एक चूक मात्र माझी सांगते: ‘बलुतं’ मी एकदा एका कॉलेजच्या मुलाला ‘हे वाचच’ म्हणून जवळजवळ लादलं. आठ दिवसांनी त्याने ते न बोलता परत केलं आणि मग दोन वर्षं वाचनालयात आलाच नाही. पुढे कळलं की त्याच्या घरातलंच सगळं त्यात होतं आणि ते असं परक्या बाईने हातात ठेवावं हे त्याला सोसलं नव्हतं. तेव्हापासून मी ‘वाचच’ म्हणणं सोडलं. पाटीचं कपाट तर आधीच काढलं होतं.

वाचायचं कसं, याबद्दल थोडं. पन्नास पानं किंवा दोन संध्याकाळी, यात पुस्तकाने धरलं नाही तर सोडा, अपराधी वाटून घेऊ नका. नवं पुस्तक उघडताना कागदाचा एक कपटा आत ठेवा आणि वाचताना पडलेला एकच प्रश्न त्यावर लिहा. दहा लिहिलेत की ती वही होते आणि वह्या आपण उघडत नाही. प्रश्न लहान असेल तर मराठी विश्वकोशात बघा. वाईला तयार होणारा हा कोश आता मोबाइलवर फुकट वाचता येतो, आणि त्यातल्या जुन्या नोंदी अजूनही भरवशाच्या आहेत. प्रश्न मोठा असेल तर तो घेऊन जवळच्या ग्रंथपालाकडे जा. विषयाचं नाव सांगू नका, प्रश्न सांगा. ‘इतिहासाचं काहीतरी द्या’ म्हणालात तर मी तुम्हाला इतिहासाच्या कपाटाकडे बोट दाखवीन. ‘झाशीच्या वेढ्यात सामान्य माणसं कुठे लपली’ असं विचारलंत तर मी खुर्चीवरून उठेन.

पुस्तकं मिळण्याबद्दल: फुल्यांचं समग्र वाङ्मय शासनाने छापलंय आणि स्वस्त आहे, ‘असूड’साठी वेगळं काही घ्यायची गरज नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. बाकीची नवी मिळाली तर ठीक, नाहीतर पुण्यात पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक आहेच.

दहा-बारा एकदम आणू नका. या शनिवारी ‘पालखी’ आणि ‘आनंद ओवरी’ एवढी दोनच आणा. ‘पालखी’ संपताना जो प्रश्न पडेल तो मला कळवा. तो तुकारामाचा असेल असं मी गृहीत धरलंय, पण आमच्या कंडक्टर काकांना पडला होता तो असा: एवढी माणसं सकाळी पाणी कुठून आणतात? त्यावर मी त्यांना काय दिलं ते तेव्हाच सांगेन, कारण ती जोडी अजून माझी मलाच पुरती पटलेली नाही.